आंघोळीचे पाणी कोणाच्या बिलात?

पाडव्याला आमच्याकडे बोरिवलीला सगळे फराळाला जमतात, आणि चकल्या संपत आल्या की विषय हमखास बिलांवर येतो. गेल्या दिवाळीत मुलुंडच्या ताईने आपले वीजबिल आमच्यापेक्षा निम्म्याहून कमी येते असे दोनदा सांगितले आणि तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी ती लालबागच्या आत्याकडे वळली. "आत्या, एवढ्याशा खोलीत तुमचा सिलिंडर सत्तावीस दिवसांत संपतोच कसा? कुठे गळती तर नाही ना?" आत्याने उत्तर दिले नाही, पण तिचा चेहरा उतरला. वयाची साठ वर्षे तिने घासलेटच्या स्टोव्हपासून गॅसपर्यंत प्रत्येक इंधन मोजूनमापून वापरले आहे, आणि तिच्यावर उधळपट्टीचा नाही तरी निष्काळजीपणाचा ठपका आला होता. मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले असल्यामुळे मला त्या प्रश्नातली चूक जाणवत होती, पण आकडे हाताशी नसल्याने त्या दिवशी मी गप्प बसले. पुढचे सहा महिने मात्र मी वही घातली.

चार घरे ठरवली. पहिले आमचे, दोन बेडरूमचे, माणसे पाच. दुसरे आत्याचे, लालबागच्या चाळीतली एक खोली, तिथेही माणसे पाच: आत्या, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. तिसरे ताईचे मुलुंडचे घर, जिथे आता फक्त ती आणि भावजी राहतात. चौथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे, परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधले. तिथे माणसे तीन आणि एसीही तीन. प्रत्येकाने महिन्याच्या एक तारखेला विजेच्या आणि गॅसच्या मीटरचा फोटो पाठवायचा, आणि आत्याने नवा सिलिंडर लावला की कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने 'गॅस' असे लिहायचे, एवढाच नियम होता. आत्या ते आधीपासूनच लिहीत होती, हे नंतर कळले.

बिले सोडून मीटरचे फोटो का मागितले, हे सांगायला हवे. विजेचे बिल दर महिन्याला येते, पाईपगॅसचे दोन महिन्यांतून एकदा येते, त्यातही कधी कधी घर बंद असल्यामुळे अंदाजे रीडिंग लागलेले असते, आणि सिलिंडरला तर महिन्याशी काही देणेघेणेच नसते. नंबर लावला की तो येतो आणि संपायचा तेव्हा संपतो. शिवाय रुपयांची तुलना मुंबईत करताच येत नाही. बोरिवलीत आमची वीज पूर्वी बी.एस.ई.एस.ची होती, मग रिलायन्सची झाली आणि २०१८ पासून अदानींची आहे. आत्या आणि माझा विद्यार्थी दोघेही बेस्टचे ग्राहक. मुलुंड आणि भांडुप मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही तिथे महावितरणची वीज. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग प्रत्येक कंपनीचे दर वेगळे ठरवतो, त्यामुळे तेवढ्याच युनिटचे बिल शीव ओलांडले की बदलते. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क, असे थर चढतात. दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे आहेत, आणि ते चढते आहेत. माझ्या विद्यार्थ्याची शेवटची शंभर युनिटे आणि आत्याची पहिली शंभर युनिटे ही एकाच वायरीतून आली तरी एका किमतीची नसतात. (३०१वे युनिट वापरले की सगळी ३०१ युनिटे महाग दराने लागतात, अशी समजूत आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांची आहे. तसे नाही, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो.)

म्हणून रुपये सोडले आणि उष्णतेवर आले. विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजे सुमारे ८६० किलोकॅलरी. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो आणि एका किलोतून साधारण पावणेतेरा युनिटांइतकी उष्णता मिळते. म्हणजे अख्खा सिलिंडर सुमारे १८० युनिटांचा. पाईपगॅस घनमीटरमध्ये मोजतात आणि एका घनमीटरची उष्णता ढोबळमानाने दहा युनिटांइतकी धरता येते. म्हणजे एक सिलिंडर आणि अठरा घनमीटर पाईपगॅस हे जवळजवळ सारखे. हा हिशेब दारात चिकटवून ठेवण्याइतका सोपा आहे, पण तो कोणत्याही बिलावर छापलेला नसतो.

जानेवारीचे आकडे असे आले. आमच्याकडे विजेची दिवसाला आठ युनिटे आणि गॅस अर्धा घनमीटर, म्हणजे पाच युनिटे, एकूण तेरा. आत्याकडे वीज अडीच युनिटे आणि सिलिंडर सत्तावीस दिवसांत संपला म्हणून गॅसची पावणेसात, एकूण सव्वानऊ. ताईकडे वीज चार आणि गॅस साडेचार, एकूण साडेआठ. टॉवरमध्ये वीज अकरा आणि गॅस जेमतेम पावणेतीन, एकूण पावणेचौदा.

नुसता गॅस पाहिला तर ताईचा प्रश्न रास्त वाटतो, कारण चार घरांत सर्वांत जास्त गॅस आत्याच्या एका खोलीत जळत होता. पण त्या खोलीत गीझर नाही. पाच माणसांच्या आंघोळीचे पाणी पहाटे साडेपाचपासून शेगडीवरच्या पातेल्यात तापते. वीस लिटरची बादली पंचवीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायला ३०० किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या एका युनिटाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो. हे भौतिकशास्त्र आहे; त्यात काटकसरीला जागा नाही, फक्त पाणी कमी घेता येते. शेगडीवर मात्र ज्वाळेतली साधारण एक तृतीयांश उष्णता पातेल्याच्या कडेने हवेत जाते, त्यामुळे तीच बादली गॅसच्या हिशेबात अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त पडते. पाच माणसांच्या पाच बादल्या धरल्या तर दिवसाला पावणेतीन युनिटे. आत्याच्या पावणेसातमधून ती वजा केली की स्वयंपाकाला उरतात चार. आमच्या घरी गीझर विजेवर आहे, म्हणजे आमच्या गॅसची पाचही युनिटे निव्वळ स्वयंपाकाची. माणसे दोन्हीकडे पाच. आत्या आमच्यापेक्षा पाचवा हिस्सा गॅस कमी वापरून तितक्याच माणसांना जेवू घालत होती.

गळती नव्हती. साबणाचा फेस नळीला लावून मी स्वतः पाहिले, कारण ताईने पुन्हा विचारले असते.

आत्या कमी गॅसमध्ये कसे भागवते, हे पाहायला मी एक अख्खा दिवस लालबागला काढला. (तिची चाळ गॅस कंपनी लेनपासून फार लांब नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले आणि दगडी कोळशापासून तो गॅस करणाऱ्या कंपनीचे नाव या गल्लीला राहिले. त्याच परिसरात आज आत्याच्या पोराला सिलिंडर जिन्यावरून दोन मजले चढवावा लागतो, याची मला गंमत वाटते.) डाळ-तांदूळ रात्री नव्हे, पण तासभर आधी भिजलेले असतात. कुकरमध्ये वरण, भात आणि भाजीसाठी बटाटे एकदमच लागतात. पहिली शिट्टी झाली की ज्योत बारीक. भाज्यांवर झाकण, झाकणावर पाणी, आणि तेच कोमट पाणी पुढे कणकेत. चहा दिवसातून दोनदाच होतो आणि तो सर्वांचा एकदम होतो. आमच्याकडे चहा पाच वेळा होतो, कारण पाच जणांच्या पाच वेळा.

घरी आल्यावर मी आमच्या गॅस मीटरचे शेवटचे लाल आकडे, म्हणजे लिटर, प्रत्येक पदार्थाच्या आधी आणि नंतर लिहून काढायला सुरुवात केली. सुनेने आठवडाभर हे सहन केले. कुकर एका वेळेला सुमारे पंचेचाळीस लिटर गॅस घेतो. चार कप चहा, नीट उकळला तर, वीस लिटर. मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ते पोळ्यांचे: वीस पोळ्यांना नव्वद लिटर, म्हणजे कुकरच्या दुप्पट. विचार केला तर त्यात नवल नाही. तवा उघडा असतो, एक पोळी काढून दुसरी लाटून होईपर्यंत खालची ज्योत रिकाम्या तव्याला तापवत असते, आणि फुलके थेट ज्वाळेवर फुगवले तर उष्णता बहुतेक छताकडेच जाते. आत्या आधी सगळ्या पोळ्या लाटून ठेवत नाही, कारण त्या चिकटतात. तिची सून लाटते आणि आत्या भाजते. दोन बायका असल्या की तवा रिकामा राहत नाही. आमच्याकडे सून ऑफिसला निघण्याच्या गडबडीत एकटीच दोन्ही करते, आणि मला गुडघ्यांमुळे उभे राहवत नाही. आमची जास्तीची एक युनिट यातच गेली असावी, असा माझा तर्क आहे.

आता ताईकडे येऊ. तिची एकूण साडेआठ युनिटे चार घरांत सर्वांत कमी, आणि हा आकडा मी तिला प्रामाणिकपणे प्रथम सांगितला. पण त्या घरात माणसे दोनच आहेत. माणशी पाहिले तर आत्याकडे एक पूर्णांक आठ दशांश, आमच्याकडे दोन पूर्णांक सहा, ताईकडे सव्वाचार आणि टॉवरमध्ये साडेचारच्या थोडे वर. मुलुंड आणि परळचा टॉवर जवळजवळ शेजारी निघाले. ताई हे ऐकून पंधरा सेकंद बोलली नाही, आणि ज्यांना ताई ठाऊक आहे त्यांना पंधरा सेकंदांचा अर्थ कळेल.

तिची बाजूही खरी आहे. फ्रिज दोन माणसांसाठी अर्धा थंड होत नाही. तिचा फ्रिज मुले घरात असतानाचा, मोठा आणि वीस वर्षांचा आहे. प्लगला लावायचे छोटे मीटर जोडून पाहिले तेव्हा तो एकटा दिवसाला सव्वादोन युनिटे घेत होता, म्हणजे तिच्या चार युनिटांतला निम्म्याहून मोठा वाटा. दुसरे असे की ताई आणि भावजी दोघे निवृत्त असल्यामुळे चोवीस तास घरी असतात. आमचा मुलगा आणि सून सकाळी नऊला निघतात आणि रात्री आठला येतात. दिवसभर त्यांच्यावर जी एसीची हवा आणि कँटीनचा गॅस खर्च होतो तो अंधेरीच्या कोणत्यातरी इमारतीच्या बिलात असतो, माझ्या वहीत नसतो. माणशी हिशेब काढताना घरी बसलेल्या माणसावर अन्याय होतो, आणि म्हातारी माणसेच घरी बसलेली असतात. हा दोष मला माझ्या पद्धतीत दुरुस्त करता आला नाही.

टॉवरमधल्या घराबद्दलही तेच, उलट्या बाजूने. "बाई, आम्ही गॅस फारसा जाळतच नाही," असे माझा विद्यार्थी अभिमानाने सांगत होता, आणि ते खरे होते. आठवड्यातून चारदा रात्रीचे जेवण बाहेरून येते, आणि ते कोणत्या तरी हॉटेलच्या व्यावसायिक सिलिंडरवर शिजते. चहा आणि दूध इंडक्शनवर. सत्ताविसाव्या मजल्यावर पाणी चढवणारे पंप आणि चार लिफ्ट यांची वीज सोसायटीच्या मीटरवर जाते आणि मेंटेनन्सच्या पावतीत एका ओळीत विरघळते. आत्याच्या चाळीत लिफ्ट नाही. जिने चढण्याची ऊर्जा पोळ्यांतून येते, आणि त्या पोळ्या भाजण्याचा गॅस तिच्या सिलिंडरमध्ये आधीच मोजलेला आहे!

इंडक्शनचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के उष्णता भांड्यात जाते, शेगडीवर साठ-पासष्ट टक्के, हे बरोबर. पण वीज ही कारखान्यात तयार होऊन आलेली वस्तू आहे. डहाणूसारख्या औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत उतरतो, बाकीचा चिमणीतून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून जातो. म्हणून विजेचे एक युनिट आणि गॅसचे एक युनिट मी वहीत सरळ बेरजेने मिळवले आहे, ते सोयीसाठी; कोळशापर्यंत मागे गेले तर विजेच्या बाजूला जवळजवळ तिपटीने वजन द्यावे लागेल आणि आमची आणि टॉवरची आकडेवारी आणखी जड होईल. सगळीच वीज कोळशाची नसते, हेही खरे. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून सह्याद्रीतल्या पाण्यावर मुंबईला वीज देत आहे, पण माझ्या गीझरमध्ये कोणते युनिट आले हे मीटर सांगत नाही.

आणि १२ ऑक्टोबर २०२०. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली होती. विद्यार्थ्याच्या घरी तेव्हा तान्हे बाळ होते आणि घरात नुसते इंडक्शन. त्यानंतर त्याने पाईपगॅसचे बंद ठेवलेले कनेक्शन सुरू करून घेतले. पाईपगॅस दाबावर चालतो, तो विजेवाचून येत राहतो. आत्याला वीज गेल्याचे पंखा थांबल्यावरच कळले.

तो पंखा मे महिन्यात महत्त्वाचा ठरला. मेमध्ये आमची वीज दिवसाला आठवरून तेरावर गेली, आणि वाढलेली पाचही युनिटे एका एसीची: मुलाच्या खोलीत, रात्री आठ तास, २४ अंशांवर. टॉवरमध्ये अकराची सव्वीस झाली. ताईची एकूण बेरीज जवळपास होती तिथेच राहिली, कारण तिच्याकडे गीझर गॅसवर आहे; तो कमी चालला तेवढ्यात पंख्यांची भर पडली. आत्याकडे मात्र एकूण वापर कमी झाला. सिलिंडर तेहतीस दिवस पुरला आणि वीज अडीचवरून फक्त तीन झाली. उन्हाळ्यात ज्या घराचा वापर उतरतो, असे हे माझ्या वहीतले एकमेव घर. आमचा एक एसी एका रात्रीत जेवढी वीज घेतो, तेवढ्यात आत्याच्या खोलीचा दीड दिवस आणि वर थोडे जाते. हे लिहिताना मी त्याच एसीच्या खोलीत बसलेली नाही, पण दार उघडे आहे, हेही नमूद करते.

आत्याच्या तीन युनिटांतली निम्मी एक जुना पंखा खात होता. पंचाहत्तर वॉटचा, दिवसाचे वीस तास चालणारा. गुणाकार केला तर दीड युनिट. बी.एल.डी.सी. (ब्रशलेस डीसी) या कमी वीज घेणाऱ्या मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा तीसेक वॉटमध्ये देतो. मुंबईत पंखा जवळपास वर्षभर फिरतो, म्हणून इथे पंखा बदलणे हे दिवा बदलण्यापेक्षा मोठे काम आहे, पण दुकानात पंख्याची किंमत विचारतात आणि वॉट कोणी विचारत नाही. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले आहे, एवढे तरी पाहावे.

ताईचा गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर डक्टमध्ये बसवलेला आहे. तो आत असता तर आकडे बाजूला ठेवून मी आधी त्यावरच भांडले असते. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करतानाच बेशुद्ध होतो. युनिटे वाचवण्यासाठी कोणी तसा बसवू नये.

जूनच्या पहिल्या रविवारी ताई स्वतःहून लालबागला गेली, आणि जाताना पंखा घेऊन गेली. तिने माफी वगैरे मागितल्याचे माझ्या कानावर नाही. आत्याच्या मुलाने स्टूल लावून जुना पंखा उतरवला, नवा चढवला, आणि रिमोट कोणाकडे राहणार यावरून नातवंडांत लगेच भांडण झाले. आत्याने कालनिर्णय खाली घेऊन त्या रविवारच्या चौकटीत 'पंखा' असे लिहिले. तीन दिवसांनंतरच्या चौकटीत 'गॅस' आधीच लिहिलेले होते, बारीक अक्षरात, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मे महिन्यातला सिलिंडर किती दिवस जाईल याचा तिचा अंदाज तिने मला न विचारता आधीच काढून ठेवला होता. सिलिंडर त्याच दिवशी संपला.